कोंबड्याच्या इस्त्रीवरचं नाव

आमच्या घरातल्या एकाही भांड्यावर बाईमाणसाचं नाव नव्हतं. मोठ्या हंड्यावर सासऱ्यांचं, परातीवर त्यांच्या वडिलांचं, आणि माझ्या बापानं लग्नात दिलेल्या पाण्याच्या गुंडावर माझ्या नवऱ्याचं. गुंड कामरगावच्या बाजारातून माझ्या बापानं डोक्यावर वाहून आणलेला, पण त्याच्यावर नाव पडलं जावयाचं. यात कोणाला काही वावगं वाटत नसे. मलाही वाटलं नव्हतं.

आमच्याकडं पंगतीला दहा घरची भांडी गोळा होतात. पंगत उठली की सगळी एका ढिगात घासली जातात आणि मग प्रत्येक बाई नाव बघून आपलं भांडं उचलते. ज्यांना वाचता येत नाही त्याही कोरलेल्या नावाचे ठिपके बोटानं चाचपून आपलं ओळखतात. नाव एकदा पडलं की त्या भांड्याबद्दल पुढं बोलणं नसतं. हे आधीच लिहून ठेवते, कारण माझ्याबरोबर जे झालं ते याच रीतीच्या आधारानं झालं.

लग्न होऊन मी मालेगावच्या बाजूला आले तेव्हा नवे पैसे अजून यायचे होते. नवरा कापसाच्या जिनात वजनकाट्यावर होता. जिनाच्या मागं नोकरांच्या खोल्यांची एक ओळ होती, त्यातली एक आमची. लग्नात माझं नाव बदललं. ताटात तांदूळ पसरून त्यात अंगठीनं नवं नाव लिहिलं आणि त्या दिवसापासून जुन्या नावानं हाक मारणारं कोणी उरलं नाही. ते नाव शाळेच्या दाखल्यावर राहिलं. मी चौथी पास आहे. ते नाव मी पाटीवर फार वळणदार काढत असे, मास्तर दुसऱ्या मुलींना दाखवत. मला आठवतं तशी माझी तेवढीच एक वाहवा झाली.

मी बोलणारी नाही. परक्या माणसाचा आवाज आला की दाराआड होते. तेव्हा तर शेजारी मीठ मागायला जायचं असलं तरी वाक्य चार वेळा मनात म्हणून बघायची, आणि शेवटी मीठ नसलेलीच भाजी करायची.

जिनात पूर्वी एक गोरा साहेब मॅनेजर होता. तो गेला, त्याचा बंगला बंद पडला. एका उन्हाळ्यात बंगल्यामागची कोठी रिकामी केली आणि तिथलं भंगार आमच्या भिंतीला लागून टाकलं, भंगारवाला येईपर्यंत. त्यात मला एक इस्त्री दिसली. भरीव लोखंडाची, चुलीवर तापवून फिरवायची. गंजून तिचा रंग विटेसारखा झाला होता. आमच्या ओळीत कोणाकडं इस्त्री नव्हती. सणासुदीला तांब्यात निखारे घालून तो धोतरावर फिरवायचा, नाहीतर कपडे घडी करून उशीखाली ठेवायचे, इतकंच. ती इस्त्री मी पदराखाली घेऊन घरात आले. का आणली, हे मला कोणी विचारलं असतं तर सांगता आलं नसतं.

तीन दिवस ती घासलेटात बुडवून ठेवली. मग विटेच्या भुकटीनं घासली, पाण्याचा हात न लावता. खालचा तळ पाट्यावर रेती टाकून गोल गोल फिरवला. चौथ्या दिवशी त्या तांबड्या ढेकळातून काळंभोर, गुळगुळीत लोखंड वर आलं. मी तिच्यावर मेण फिरवलं आणि कितीतरी वेळ तिच्याकडं बघत बसले. नवऱ्याच्या धोतरावर पहिल्यांदा फिरवली तर गंजाचा तपकिरी डाग पडला, तिकोनी, अगदी इस्त्रीच्याच आकाराचा.

"लोकं इस्त्रीनं कपडे नीट करतेत," तो म्हणाला, "आमच्या घरी इस्त्रीचीच धुलाई चालू हाये."

पण त्यानं ती फेकून दिली नाही. तेवढं त्याचं मी मानते.

पुढं मला नादच लागला. त्याच ढिगातून कपडे पिळायचं यंत्र निघालं. रसवंतीच्या चरकासारखे दोन रूळ आणि बाजूला दांडा. रुळांवरचं रबर उन्हानं फुटून गुळासारखं चिकट झालं होतं. मी ते सुरीनं खरवडून काढलं, जुन्या लुगड्याच्या पट्ट्या रुळांवर घट्ट गुंडाळल्या आणि दाभणानं शिवल्या. दात्यांना एरंडीचं तेल दिलं. नळावर ते लावलं तेव्हा सगळी ओळ बघायला जमली.

"उसाचा रस निघते का वं यातून?" एकीनं विचारलं. खूप हसल्या. नवऱ्याच्या सदऱ्याच्या दोन गुंड्या त्यात फुटल्या, तेव्हा तर जास्तच. पण गोधड्या पिळायला पुढं त्याच बाया येऊ लागल्या.

त्या हसण्यातून मला हाताला धरून बाहेर काढलं ते शेजारच्या मिस्त्रीणबाईनं. तिचा नवरा जिनातला फिटर. ती माझ्याहून दहा वर्षांनी मोठी. मी तिला बाई म्हणू लागले, आमच्याकडं मोठ्या बहिणीला तसंच म्हणतात. बाईला वाचता येत नव्हतं, पण बोलण्यात तिला कोणी हरवू शकत नसे. भंगारवाल्याशी घासाघीस तीच करायची. मी दाराआड उभी राहून बोटानं दाखवायची, हे घे, ते नको. तिच्या माहेरची पत्रं मी लिहायची, आलेली वाचून दाखवायची.

एकदा पत्र लिहून झाल्यावर तिनं विचारलं, "तुझं माहेरचं नाव काय होतं वं?"

मी सांगितलं. ते तोंडातून काढताना मला लाज वाटली, जणू दुसऱ्या कोणाची वस्तू वापरते आहे.

"चांगलं तं हाये," ती म्हणाली. "मी तुले त्याच नावानं बलावत जाईन. आपण दोघीच असलो का."

आणि ती खरंच बोलवायची. दुपारी पुरुष जिनात गेले की भिंतीपलीकडून हाक यायची. त्या हाकेला ओ देताना मी पुन्हा पाटी घेऊन बसलेली मुलगी व्हायचे. ते नाव मी या वहीतही लिहिणार नाही. का ते पुढं कळेल.

कोंबड्याची इस्त्री बाईच्याच मदतीनं मिळाली. पोहरादेवीच्या यात्रेहून परत येणाऱ्या भंगारवाल्याच्या पोत्यात ती होती. सबंध पितळेची, आत कोळसे घालायची. झाकण अडकवायच्या कडीवर ओतीव पितळेचा कोंबडा, तुरा तुटलेला. बिजागरीची खीळ नव्हती, मूठ जळून कोळसा झाली होती, आतली जाळी गळून गेली होती आणि सगळ्यावर हिरवं किटण. भंगारवाला म्हणाला, वितळवायलाच जाणार आहे. सूपभर जवारीवर बाईनं ती सोडवली.

"एवढ्याले का घेतं वं हे थडगं?" ती मला म्हणाली.

मला तो कोंबडा सोडवत नव्हता.

तिच्यावर माझी दोन वर्षं गेली. घरचं सगळं आटोपून मिळेल तेवढा वेळ. किटण चिंचेच्या कोळानं आणि राखेनं काढलं, पण कोपऱ्यांत ते दगडासारखं बसलं होतं, तिथं मी बाभळीच्या काट्यानं टोकरत बसायची. बिजागरीत सायकलच्या तारेचा तुकडा घातला. नवी मूठ सागाच्या ढलपीची. सुतारानं ती ओबडधोबड कापून दिली आणि मी फुटक्या बाटलीच्या काचेनं तासून हाताला बसेल अशी केली. माझ्याच हाताला. बाईच्या हातात ती थोडी लहान पडायची. जाळीसाठी बाईच्या नवऱ्यानं जिनातल्या जुन्या चाळणीचा भोकांचा पत्रा आणून दिला. कोंबड्याचा तुरा मात्र मी केला नाही. तुटका तुरा कानसून गोल केला. तो तसाच मला बरा दिसला.

पहिल्यांदा कोळसे घातले तेव्हा मागच्या भोकातून धूर नीट निघाला, झाकण घट्ट बसलं, आणि बाईच्या पोरीची पांढरी ओढणी मी अशी केली की ती हवेत धरली तरी घडीची रेघ मोडेना. बाई बघतच राहिली.

"काय हात हाये वं तुझा!" ती म्हणाली.

त्याच आठवड्यात भांड्यांवर नाव टाकणारा ओळीत येऊन लिंबाखाली बसला. छिन्नी आणि छोटी हातोडी, ठकठक ठिपके पाडत अक्षरं काढायचा. आणि माझ्या मनात ते आलं. त्या इस्त्रीवर माझं नाव असावं. नवऱ्याचं नाही, सासरचंही नाही. दाखल्यावरचं.

मी बाईला सांगितलं, तर तिनं हसण्यावारी नेलं नाही.

"टाकू ना," ती म्हणाली. "पण तुझ्या मालकानं पाह्यलं तं?"

तेच तर होतं. घरात नवऱ्याच्या डोळ्यांसमोर बायकोच्या माहेरच्या नावाची वस्तू, त्याला ते सहन झालं नसतं. त्याहीपेक्षा, सगळ्या ओळीत झालेली चेष्टा मला सहन झाली नसती. मग दोघींनी ठरवलं की इस्त्री बाईच्या घरी ठेवायची, पोत्यात बांधून. मला पाहिजे तेव्हा मी दुपारी जाऊन वापरायची. आणि नाव टाकणाऱ्यापुढं मी उभी राहणं शक्यच नव्हतं. मी कागदावर नाव लिहिलं, पाटीवर काढायचे तसं वळणदार, आणि चिठ्ठी बाईच्या हातात दिली.

मी आमच्या दाराआड बसून ऐकत होते. ठकठक सुरू झाली. माझं नाव तीन अक्षरांचं. किती ठिपके लागतील याचा अंदाज माझ्या मनानं बांधला होता. पण ठकठक थांबेना. मला वाटलं, खाली वेलबुट्टी काढत असेल. बाईनं सांगितली असेल, मला आनंद व्हावा म्हणून. ती शेवटची ठकठक ऐकताना मी दाराआड एकटीच हसत होते. तो माझा मूर्खपणा आठवला की आजही अंग चोरावंसं वाटतं.

बाहेर जाऊन बघायचं तर लिंबाखाली चार बाया होत्या, म्हणून गेले नाही. दुसऱ्या दिवशी बाईकडं गेले तर ती म्हणाली, "वर माळ्यावर बांधून ठेवली. आता लगनाचं सामान मांडून राह्यली मी, कायले काढू?" तिच्या पोरीचं लग्न महिन्यावर आलं होतं. मला पटलं. मी तिच्याबरोबर शेवया वळल्या, पापड लाटले, पोरीच्या लुगड्यांना इस्त्री केली. माझ्या जुन्या भरीव इस्त्रीनं.

लग्न मांडवात झालं, नवरदेवाकडची मंडळी कारंज्याची. जेवणाआधी बाया रुखवत बघायला आत आल्या. मी कोपऱ्यात पाण्याचा गडू घेऊन उभी होते. लाडू, शेवया, कापडाची तोरणं, समया, घागर, आणि त्या सगळ्यांच्या मधोमध, पाटावर लाल खण टाकून, कोंबड्याची इस्त्री. ती चमकत होती. चिंच लावून ताजी घासलेली.

नवरदेवाची मावशी पुढं झाली. तिला वाचता येत होतं. तिनं इस्त्री उचलून झाकणावरचं नाव मोठ्यानं वाचलं. बाईच्या पोरीचं नाव, त्याला जोडून नवरदेवाचं नाव, खाली लग्नाची तिथी. म्हणूनच ठकठक इतकी लांबली होती.

"लय जुन्या काळची दिसते वो, विहीनबाई," मावशी म्हणाली. "कुठून आणली?"

"आणली कायची?" बाई म्हणाली. "भंगार होतं निरं. आमच्या पोट्टीनं दोन वर्षं घासून-पुसून उभी केली. मूठ बी तिनंच तासली, काचेनं. हात लय गुनाचा हाये तिचा."

काचेनं. हे तिनं माझ्या ओट्यावर बसून बघितलं होतं.

"खरं काय वो?" मावशीनं विचारलं. आणि विचारलं कोणाला, तर जवळ उभी होते मी, मला.

बाईनं माझ्याकडं बघितलं. तिच्या नजरेत विनवणी नव्हती. भीतीही नव्हती. मी काय करीन हे तिला माहीत होतं, आणि तेच मला सगळ्यात लागलं. इतक्या दुपारी माझ्याजवळ बसून तिनं माझ्याबद्दल जे शिकून घेतलं होतं, ते तिनं त्या क्षणी वापरलं. खोलीत वीस-पंचवीस बाया होत्या. सगळ्यांची तोंडं माझ्याकडं वळली.

मी मान हलवली. हो म्हणून.

पोरगी खाली बघत बसली होती, मुंडावळ्यांआड. तिला माहीत होतं की नाही हे मला कधी कळलं नाही. मी ते तिच्या अंगावर घालत नाही.

वऱ्हाड परत गेलं त्याच्या तिसऱ्या दिवशी मी बाईकडं गेले. वाक्य चार नाही, चाळीस वेळा म्हणून बघितलं होतं. ती मांडवाची तट्टी सोडवत होती.

"बाई, तू असं काहून केलं?"

एवढंच निघालं.

तिनं काम थांबवलं नाही. "काय केलं? जाळी आमच्या ह्यांनीच आणली ना? जवारीवर कोनं सोडवली? तू तं दाराआड उभी होती."

"चिठ्ठी दिली होती मी."

"चुलीत गेली चिठ्ठी." मग ती माझ्याकडं वळली आणि आवाज जरा खाली आणला, समजूत घालावी तसा. "हे पाह्य. तुले हात हाये, तू अजून धा करशीन. माझ्या पोरीचं लगन एकदाच होते. रुखवतात ठेवाले पितळेचं काय होतं माझ्याजवळ? आन् त्या नावाचं तू काय करनार होती? इथं कोनी ओळखते का त्या नावाले?"

"तू ओळखत होती," मी म्हणाले.

ती तट्टीची दोरी दातांनी सोडवायला लागली.

मी घरी आले. नवऱ्याला काही सांगता येण्यासारखं नव्हतं. इस्त्री माझी असं म्हणायचं, तर तिच्यावर कोणतं नाव टाकायचं ठरलं होतं तेही सांगावं लागलं असतं. ओळीतल्या बायांना सांगावं, तर पंचवीस जणींसमोर मी मान हलवली होती. आणि पितळेवर नाव पडलं होतं. मी बोलायला कुठं जागाच ठेवली नव्हती. लोक म्हणतात ठगवलं, ठगवलं. ठगवणाऱ्यानं चोरून नेलं तर माणूस निदान ओरडतो. मी माझ्या हातानं चिठ्ठी लिहून दिली होती, तिच्याच पोरीच्या पापडांना उन्हं दाखवली होती आणि शेवटी साक्षही दिली होती.

त्यानंतर भिंतीपलीकडून हाक आली नाही. पत्रं ती जिनातल्या कारकुनाकडून लिहून घेऊ लागली. माझं काम सुटलं नाही. भंगारवाल्याशी मला आता स्वतःच बोलावं लागे. पहिल्यांदा बोलले तेव्हा तो म्हणाला, "बाप्पा! तुमाले बोलता येते?" मी एक लोखंडी कोळशाची इस्त्री घेतली. तिला कोंबडा नव्हता, साधी कडी होती. ती मी नीट केली. पण तळ पाट्यावर फिरवताना तो जुना आनंद आला नाही. हात चालत होते, आणि मन तिकडं कारंज्याच्या कोणत्या तरी घरात, माझ्या हातापुरती तासलेली मूठ दुसरं कोणी धरत असेल तिथं.

पुढच्या दिवाळीला बाईची पोरगी माहेरी आली. दुसऱ्या दिवशी दुपारी मी ओट्यावर तांदूळ निवडत बसले होते. भिंतीपलीकडून नाही, थेट दाराशी हाक आली. त्या नावानं.

बाई उभी होती. तिच्या हातात पोतं.

मी तांदळातला खडा उचलून बाजूला टाकला.

तिनं पुन्हा हाक मारली, त्याच नावानं, जरा लाडानं. मी ऐकत होते. माझ्यापासून ती चार हातांवर होती. मी मान वर केली नाही. कोणी दुसऱ्याच बाईला बोलावत असावं, तशी बसून राहिले.

मग तिनं सासरच्या नावानं हाक मारली, सगळी ओळ मारते तशी.

"काय वो?" मी विचारलं.

"बिजागरीची खीळ तुटली. कारंज्यात दोघा-तिघाले दाखवली, कोनाले जमली नाही. पोट्टीची सासू म्हनते, तूच केली होती, तं कर आता तूच. लय बोलून राह्यली तिले. दे ना वं करून."

तिचं तोंड उतरलं होतं. मला वाईट वाटायला हवं होतं की बरं वाटायला हवं होतं, मला ठरवता आलं नाही.

"ठेवा तिथं ओट्यावर," मी म्हणाले. "परवा घेऊन जाजा तुमी."

मी तिला तुमी म्हटलेलं तिनं ऐकलं. पोतं ठेवताना तिचा हात जरा थांबला. मग ती गेली.

मी इस्त्री उघडली. तळ काळा पडला होता, मुठीला तेलकट हात लागलेले, कोंबड्याच्या पायाशी पुन्हा हिरवं धरलं होतं. कानस माझ्याजवळ होती. झाकणावरची अक्षरं उथळ होती, कानसून काढायला अर्धी दुपार पुरली असती. मी कानस हातात घेऊन बघितली आणि परत ठेवून दिली. नाव खरवडलं असतं तर त्या पोरीला सासरी अजून ऐकावं लागलं असतं. आणि खरवडलेल्या जागी मी काय लिहिणार होते? त्या नावाला ओ देणारी तर मी नुकतीच दारात गप्प बसवली होती.

सायकलची नवी तार कापून खीळ घातली. या वेळी दोन्ही टोकं ठोकून चपटी केली, निसटू नये म्हणून. हिरवं काढलं, तळ घासला, मेण लावलं. जे नीट करायचं ते मी नीटच केलं, इस्त्रीनं माझं काही बिघडवलं नव्हतं. तिसऱ्या दिवशी बाई आली तेव्हा मी घरात होते. पोतं ओट्यावर बांधून ठेवलं होतं. तिनं बाहेरून एकदाच हाक मारली, सगळी ओळ मारते त्या नावानं, आणि मी आतून म्हणाले, "घेऊन जा. झालं तुमचं."